लिहून ठेवलेली कृती

(डोंगरकडा येथे विद्यार्थी, पालक आणि कारागीर यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची लकब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी मला लहानपणापासून पाहिलं आहे. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाच्या पायरीवर बसून तांब्याच्या तारा मोजणारी मुलगी ती मीच. त्यामुळे पाहुणी म्हणून बोलताना जरा अवघडल्यासारखं होतंय. संयोजकांनी फोनवर विचारलं, "विषय काय लिहू?" मी म्हणाले, "एम्बेडेड सिस्टिमच्या बिल्ड टूल्सची तोंडओळख." त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि शेवटी पत्रिकेवर 'संगणक मार्गदर्शन' असं छापलं. त्यांचं काही चुकलं नाही. फोनवर दोनदा सांगूनही जो विषय कळला नाही, त्यात सांगणाऱ्याचीच कसूर असते.

खरी गोष्ट सांगते. पुढच्या महिन्यात पुण्यात एका तांत्रिक परिषदेत मला या विषयावर बोलायचं आहे. चाळीस मिनिटं, आणि तेही नवख्यांसाठी. मी आजवर ऐकणाऱ्यांतच बसले आहे, बोलायची ही पहिली वेळ. म्हणून ठरवलं की आधी डोंगरकड्यात बोलून बघायचं. आज तुम्ही माझे परीक्षक आहात. जिथे कळणार नाही तिथे हात वर करा, संकोच करू नका. हात वर झाला की मला कळेल, माझं वाक्य कुठे अडलं ते.

अब्बांची डायरी

सुरुवात दुकानापासून करते, कारण माझा विषय मी तिथेच शिकले. फक्त तेव्हा त्याचं नाव माहीत नव्हतं.

केळीच्या ऐन पाण्याच्या दिवसांत मोटार जळते आणि शेतकरी ती घेऊन दुकानात येतो. रिवाइंडर जळालेली तार लगेच उपसत नाही. आधी तो स्टेटरमधले स्लॉट मोजतो, चोवीस आहेत की छत्तीस. कॉइल कोणत्या स्लॉटातून निघून कोणत्या स्लॉटात जाते ते पाहतो, त्याला पिच म्हणतात. एक कॉइल कापून तारांची टोकं मोजतो, म्हणजे टर्न किती ते कळतं. तारेची जाडी गेजने मोजतो. जोड स्टारचा आहे की डेल्टाचा ते बघतो. हे सगळं लिहून झालं की मग जुनी तार निघते. आकडे न लिहिता तार उपसली तर पुढे सगळा अंदाजपंचे कारभार. टर्न कमी पडले तर मोटार जास्त करंट खाते आणि तापते. जास्त झाले तर ताकद कमी पडते.

अब्बा मोजायचे आणि मी लिहायची. ते म्हणायचे, "लिख के रख, बाद में याद नै रैता." अशा अकरा डायऱ्या भरल्या.

अब्बा गेले आणि दुकान धाकट्या भावाने धरलं. पहिल्याच महिन्यात एक जुनी मोटार आली. डायरीत तिचं पान सापडलं. स्लॉट होते, टर्न होते, गेज होता आणि खाली लिहिलं होतं, '२ नंबर, जुनी चाल'. हा दोन नंबर कशाचा? जुनी चाल म्हणजे कोणती? भावाने मला पुण्याला फोन केला. मी फोटो मागवून घेतला. अक्षर माझंच होतं, सातवी-आठवीतलं. आणि मलाही सांगता येईना. ते फक्त अब्बांना माहीत होतं. भावाने अंदाजाने वाइंडिंग केलं, मोटार चालली, पण तापायला लागली. पुन्हा उघडावी लागली. एप्रिलमध्ये त्या शेतकऱ्याचे चार दिवस गेले आणि त्याच्या बागेचा एक कोपरा करपला. तो माणूस भला, काही बोलला नाही. आम्हाला मात्र ते लागलं.

अब्बांनी डायरी स्वतःसाठी लिहिली होती. आपण नसताना दुसरं कोणी ती वाचेल, हे त्यात धरलेलं नव्हतं. आजच्या माझ्या सगळ्या बोलण्याचा गाभा एवढाच आहे. आता यंत्राकडे येते.

यंत्राच्या आतला संगणक

एम्बेडेड म्हणजे आत बसवलेला. टेबलावर ठेवलेला संगणक आपल्याला दिसतो. पण एसटीच्या कंडक्टरच्या हातातलं तिकिटाचं मशीन, रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन, घरचा सेट-टॉप बॉक्स, वायफायचा राउटर, मोंढ्यातला इलेक्ट्रॉनिक काटा, या सगळ्यांच्या पोटात संगणक आहे. एकच काम करण्यासाठी तो तिथे बसवलेला असतो.

याचे ढोबळ दोन प्रकार. काट्यातली चिप लहान असते. तिच्यात एकच प्रोग्राम असतो आणि तो आयुष्यभर तेवढंच करतो. राउटर किंवा सेट-टॉप बॉक्समध्ये त्यापेक्षा मोठा प्रोसेसर असतो, बरीच मेमरी असते आणि पुष्कळदा लिनक्स ही प्रणाली असते. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहायला घेतलेली तीच प्रणाली. मी बोलणार आहे ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल.

अशा यंत्राच्या आत काय काय लागतं? बटण दाबल्यावर यंत्राला जागं करणारा एक छोटा प्रोग्राम, त्याला बूटलोडर म्हणतात. मग लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल. तो मेमरी, स्क्रीन, नेटवर्क यांचा कारभार पाहतो. मग फाइलींचा एक संच. त्यात सगळ्या प्रोग्रामना लागणारी मूलभूत लायब्ररी असते आणि रोजच्या कामाच्या लहान-लहान आज्ञा असतात. आणि सगळ्यांत वर आपला स्वतःचा प्रोग्राम, तिकीट छापणारा किंवा अंगठा तपासणारा. कारखान्यात हे सगळं एकत्र बांधून एका फाइलीत भरतात. तिला इमेज म्हणतात. तीच यंत्रात उतरते.

हे चारही भाग वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या देशांत लिहिलेले असतात. प्रत्येकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असतात. हा भाग त्या आवृत्तीशी जुळतो, तो जुळत नाही. मूळ मजकूर, ज्याला आपण सोर्स कोड म्हणतो, तो यंत्राला जसाच्या तसा कळत नाही. त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करावं लागतं. ते काम कंपायलर करतो. हजारो फाइली आणणं, तपासणं, दुरुस्त करणं, रूपांतर करणं, एकत्र बांधणं, हे सगळं ठरलेल्या क्रमाने करवून घेणारं अवजार म्हणजे बिल्ड टूल.

शिंप्याचं माप

यातली एक गोष्ट नवख्याला हमखास अडवते. माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर एका जातीचा आहे आणि यंत्रातला दुसऱ्या जातीचा, बहुतेक वेळा आर्म जातीचा. दोघांची भाषा वेगळी. मग यंत्रावरच कंपाइल का करू नये? कारण यंत्र गरीब असतं. त्याच्याकडे मेमरी थोडी, जागा थोडी. लॅपटॉपला जे काम तासाचं, त्याला ते झेपणारच नाही. म्हणून लॅपटॉपवर बसून यंत्राच्या भाषेतला प्रोग्राम तयार करायचा. याला क्रॉस कंपाइल करणं म्हणतात.

समजा शिंपी नांदेडला आहे, गिऱ्हाईक डोंगरकड्यात. माप चिठ्ठीवर लिहून पाठवलं आहे. शिंप्याने चिठ्ठी बघूनच कापड कापायला हवं. पण सवयीने त्याचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला आणि त्याने तेच माप घेतलं, तर? सदरा सुंदर शिवून होईल, घडी घालून पाठवला जाईल, आणि अंगात घालताना कळेल की गळा बसत नाही. क्रॉस कंपाइलमध्ये नेमकं हेच होतं. नकळत लॅपटॉपवरची लायब्ररी उचलली जाते, आणि बिघाड कळतो तो यंत्र सुरू करताना. बिल्ड टूल इथे पहारा देतं. यंत्रासाठीच्या फाइली ते वेगळ्या कप्प्यात ठेवतं आणि कंपायलरला बजावतं की शोधायचं ते याच कप्प्यात.

(इथे एका मुलाने विचारलं, "ताई, शिंप्याला माप कोण देतं?" फार चांगला प्रश्न होता. माप आपण द्यायचं: प्रोसेसर कोणता, लायब्ररी कोणती, कर्नलची आवृत्ती कोणती. पुण्याच्या भाषणात हे वाक्य नव्हतं, ते आता घातलं आहे.)

दोन अवजारं

या कामाची दोन अवजारं जगभर सगळ्यांत जास्त चालतात.

पहिलं बिल्डरूट. ते २००१ च्या सुमाराला जन्माला आलं. यूसीलिबसी नावाची एक छोटी लायब्ररी लिहिणाऱ्यांना ती तपासून बघायला एक छोटी पूर्ण प्रणाली हवी होती, त्यातून ते वाढलं. वापरायला सोपं. एक आज्ञा दिली की स्क्रीनवर याद्या उघडतात: प्रोसेसर निवडा, कर्नल निवडा, कोणते प्रोग्राम हवेत त्यांवर खूण करा. मग 'मेक' एवढं टाइप करायचं आणि चहाला जायचं. चांगला लॅपटॉप आणि बरं इंटरनेट असेल तर लहान प्रणाली अर्ध्या-एक तासात तयार होते. आपण काय काय निवडलं ते एका साध्या फाइलीत साठवता येतं, आणि ती बहुधा काही ओळींचीच असते. ती फाइल मित्राला दिली आणि बिल्डरूटची आवृत्ती सांगितली, की तो त्याच्या लॅपटॉपवर तीच प्रणाली बांधू शकतो. ती फाइल म्हणजे डायरीचं पान.

बिल्डरूट सोर्स कोड इंटरनेटवरून उतरवतं, तेव्हा फाइलीचा ठसा आधी लिहून ठेवलेल्या ठशाशी ताडून बघतं. एक अक्षर जरी बदललेलं असेल तर काम थांबतं. मूळ संकेतस्थळ बंद पडलं असेल तर प्रकल्पाच्या स्वतःच्या कोठारातून फाइल मिळते. लिहिणाऱ्याने आपण नसताना काय होईल याचा विचार केलाय, तो असा.

त्याची मर्यादाही सांगायला हवी. प्रोसेसर किंवा कंपायलरसारखी मुळातली गोष्ट बदलली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून बांधावं लागतं.

दुसरं अवजार योक्टो. याची मुळं ओपनएम्बेडेड या प्रकल्पात आहेत. शार्प कंपनीच्या झॉरस नावाच्या हातात मावणाऱ्या संगणकासाठी स्वतःची प्रणाली बांधणाऱ्या मंडळींनी तो २००३ मध्ये सुरू केला. पुढे २०१० मध्ये लिनक्स फाउंडेशनने योक्टो प्रकल्पाची घोषणा केली. यातल्या शब्दांनी मला पहिल्या दिवशीच घरचं वाटायला लावलं. प्रत्येक प्रोग्रामसाठी एक फाइल असते, तिचं नावच रेसिपी. हा प्रोग्राम कुठून आणायचा, त्याचा परवाना कोणता, कोणती दुरुस्ती करायची, कसा शिजवायचा आणि शिजल्यावर कुठे वाढायचा, हे सगळं तिच्यात. शिजवणाऱ्या प्रोग्रामचं नाव बिटबेक. आणि या रेसिपींचे थर असतात. चिप बनवणाऱ्याचा एक थर, कंपनीचा दुसरा, त्या विशिष्ट यंत्राचा तिसरा. आपल्याला काही बदलायचं असेल तर दुसऱ्याच्या थराला हात न लावता आपल्या थरात बदल लिहायचा. बिर्याणीचा खालचा थर न उकरता वरून केशर घालता येतं, तसं समजा.

योक्टो जड आहे. पहिल्या बांधणीला काही तास जातात आणि डिस्कवर शंभरेक जीबी मोकळी जागा असलेली बरी. पण एकदा शिजवलेलं ते साठवून ठेवतं. ज्याचं साहित्य बदललेलं नाही ते दुसऱ्यांदा शिजवत नाही. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. काही आवृत्त्यांची देखभाल चार वर्षं होते. एप्रिल २०२२ मधली कर्कस्टोन आणि एप्रिल २०२४ मधली स्कार्थगॅप या अशा आवृत्त्या.

कोणतं घ्यावं? एक यंत्र, दोन-तीन माणसं, लहान प्रणाली, तर बिल्डरूट. यंत्राचे पाच-दहा प्रकार, अनेक माणसं, दहा वर्षांची देखभाल, तर योक्टो. आणि आयुष्यात पहिल्यांदाच लिनक्स बघत असाल तर दोन्ही नको. आधी तयार प्रणाली घेऊन महिनाभर खेळा.

नोकरीतला फटका

हे सगळं का करायचं? हाताने एकेक प्रोग्राम कंपाइल करून यंत्रात टाकता येतोच की. येतो. मी जिथे आधी काम करत होते तिथे तसंच केलेलं होतं.

एक यंत्र होतं. ते गावोगावच्या मीटरांचे आकडे गोळा करून मुख्य संगणकाकडे पाठवायचं. त्याची प्रणाली एका हुशार इंजिनिअरने स्वतःच्या लॅपटॉपवर बांधली होती. यंत्र उत्तम चाललं. तो नोकरी सोडून गेला. लॅपटॉप नियमाप्रमाणे साफ करून दुसऱ्याला दिला. आमच्याकडे उरली ती फक्त तयार इमेज, म्हणजे शिवलेला सदरा. माप गेलं, कापडाचं नाव गेलं.

काही वर्षांनी मुख्य संगणकाने संदेश गुप्त करण्याची जुनी पद्धत बंद केली. ती बंद करणं योग्यच होतं, कारण ती कच्ची ठरली होती. पण आमच्या यंत्रातली लायब्ररी जुनी. तिला नवी पद्धत येत नव्हती. एका दिवसात सगळी यंत्रं मुकी झाली. काम तसं सोपं होतं, लायब्ररीची नवी आवृत्ती घालून इमेज पुन्हा बांधायची. पण पुन्हा बांधणार कशी? कर्नलमध्ये त्याने कोणत्या दुरुस्त्या केल्या होत्या, कोणते पर्याय निवडले होते, कुणालाच माहीत नव्हतं. जुन्या इंजिनिअरला फोन केला. तो बिचारा मनापासून आठवत होता, पण किती आठवणार? तीन महिने आम्ही तयार इमेज उलगडून मागे मागे जात होतो. तेवढ्या काळात गावांतली माणसं मीटरचे आकडे वहीत लिहून आणत होती.

मला त्या दिवसांत सारखी ती '२ नंबर, जुनी चाल' आठवायची.

याउलट चित्रही आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीत हार्टब्लीड नावाची मोठी खोट असल्याचं जाहीर झालं. गुप्त ठेवायचे संदेश आणि चाव्या त्यातून बाहेर पडू शकत होत्या. जगभरच्या राउटरांत, फोनांत, यंत्रांत ती लायब्ररी होती. ज्यांच्याकडे रेसिपी लिहिलेली होती, त्यांनी आवृत्तीचा आकडा बदलला, पुन्हा बांधलं, तपासलं आणि यंत्रांना पाठवलं. ज्यांच्याकडे नव्हती, त्यांची यंत्रं तशीच राहिली.

भाषण कसं केलं

आता भाषणाच्या तयारीबद्दल. इथल्या मुलामुलींपैकी कुणाला कधी असं बोलावं लागेल, त्यांच्यासाठी.

पहिला आराखडा केला तेव्हा माझ्याकडे साठ स्लाइड होत्या. बिल्डरूट आणि योक्टोची पंचवीस मुद्द्यांची तुलना होती. दोन्हींचा सगळा इतिहास होता. सहकाऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "वा, सगळं आलं." मला बरं वाटलं. मग तेच मी माझ्या मावसबहिणीला दाखवलं. ती नांदेडला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण आपा, हे बांधून होतं काय?" मी इमेज हा शब्द सतरा वेळा वापरला होता आणि इमेज म्हणजे काय ते एकदाही सांगितलं नव्हतं. सहकाऱ्याला ते खटकलं नाही, कारण त्याला ते आधीच येत होतं. अब्बांना 'जुनी चाल' कधी खटकली नाही, तसंच.

मग मी एक कागद घेतला आणि लिहिलं: ऐकणाऱ्याला काय येतं असं मी धरून चालले आहे? यादी दोन पानं भरली. त्यातलं प्रत्येक वाक्य एकतर भाषणात सांगायचं, नाहीतर ज्या मुद्द्याला ते लागतं तो मुद्दाच काढायचा. साठ स्लाइडच्या अठरा झाल्या. तुलनेच्या पंचवीस मुद्द्यांचे तीन उरले. काढताना जीव तुटतो, कारण आपल्याला किती येतं ते दाखवायची हौस असते. पण नवख्यासमोर बोलताना ती हौस घरी ठेवावी.

दुसरं, ऐकणाऱ्याने घरी जाऊन काय करावं ते आधी ठरवलं. माझं उत्तर असं: त्याने त्याच रात्री स्वतःच्या लॅपटॉपवर एक लहान प्रणाली बांधून सुरू करून बघावी. त्यासाठी यंत्र विकत घ्यायला लागू नये. क्यूईएमयू नावाचा मोफत प्रोग्राम लॅपटॉपच्या आत एक खोटं आर्म यंत्र उभं करतो. बिल्डरूटमध्ये त्याच्यासाठीची निवड तयारच मिळते. बांधून झालं की त्या खोट्या यंत्राच्या पडद्यावर स्वागताची ओळ उमटते. ती ओळ पहिल्यांदा उमटते तेव्हाचा आनंद मी सांगून कळणार नाही. रिवाइंडिंगनंतर मोटारीने पहिला फेरा घेतला की अब्बांचा चेहरा जसा व्हायचा, तसा आपला होतो.

तिसरं, परिषदेतल्या इंटरनेटवर विसंबायचं नाही. लागणाऱ्या सगळ्या फाइली आधी उतरवून ठेवायची एक आज्ञा बिल्डरूटमध्ये आहे, ती घरूनच चालवून जायचं. बांधणीला तास लागतो, लोकांना तासभर पडदा दाखवून चालत नाही. म्हणून सुरुवात प्रत्यक्ष दाखवायची आणि शेवट आधी बांधून ठेवलेला दाखवायचा. आणि हे आधी बांधलेलं आहे असं सरळ सांगायचं. हातचलाखी करायची नाही.

चौथं, एक चूक मुद्दाम दाखवायची. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाची बांधणी मध्येच मोडते आणि पडद्यावर शेकडो ओळी धावतात. मुलं घाबरतात, त्यांना वाटतं आपल्यालाच येत नाही. भाषण देणाऱ्याची बांधणी मात्र नेहमी पहिल्या फटक्यात यशस्वी होते, ही फसवणूक आहे. मी बांधणी मोडून दाखवणार आणि त्या ओळींत पहिली चूक कशी शोधायची ते दाखवणार. शेवटची ओळ वाचून काही कळत नाही, वर जाऊन सुरुवातीची चूक पकडावी लागते.

पाचवी गोष्ट भाषेची. आमच्या घरात दखनी, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी. तांत्रिक शब्दांचं काय करायचं यावर मी बरंच डोकं खाजवलं. कर्नल, कंपायलर, इमेज हे शब्द तसेच ठेवले. मुलांना पुढे हेच शब्द पुस्तकात आणि पडद्यावर भेटणार आहेत; मी गाभा, रूपांतरक असं शिकवलं तर तिथे ती बुजतील. पण शब्द तसाच ठेवला तरी समजूत आपल्या भाषेत द्यायची. पुण्यातही मी मराठीतच बोलणार आहे. संयोजकांना तसं विचारलं, त्यांनी हो म्हटलं. नवख्यांसाठीचं भाषण असेल तर नवखा ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत एक तरी व्हावं.

कृती मागण्याचा हक्क

आता जे सांगते ते संगणकात रस नसलेल्यांनीही ऐकावं.

लिनक्सचा कर्नल जीपीएल नावाच्या परवान्याखाली मिळतो. तो फुकट आहे, कुणीही वापरा, विका. अट एकच: त्यावर बांधलेलं यंत्र तुम्ही दुसऱ्याला दिलंत, तर त्या माणसाला त्या भागाचा सोर्स कोड मिळण्याचा हक्क आहे. आणि परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीत, जी कर्नलला लागू आहे, सोर्स कोड म्हणजे काय तेही सांगितलंय. नुसत्या फाइली देऊन भागत नाही. तो कंपाइल करून बसवण्यासाठी वापरलेल्या सूचनाही द्यायच्या. म्हणजे नुसतं साहित्य नाही, कृतीसुद्धा.

हा हक्क कागदावरच राहिलेला नाही. लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. त्यात लिनक्स आहे हे लोकांनी ओळखलं, सोर्स कोड मागितला, आणि दबावानंतर २००३ मध्ये कंपनीने तो दिला. त्या कोडवरून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. त्याची सुरुवातीची बांधणी बिल्डरूटवरच होती. कंपन्यांनी कधीच सोडून दिलेले जुने राउटर आजही लोक त्याच्या जोरावर सुरक्षित ठेवून वापरतात. यंत्र विकत घेतलेल्या माणसांनी आपल्या हक्काची कृती मागितली, त्याचं हे फळ.

आपण रोज अंगठा देतो, तिकीट घेतो, मीटरचं बिल भरतो. या यंत्रांवर आपलं रेशन आणि आपला पैसा अवलंबून आहे. "मशीन नाही म्हणतंय" असं ऐकून म्हातारी बाई परत जाते, तेव्हा मशीनच्या आत कुणीतरी लिहिलेला प्रोग्राम आहे, तो चुकू शकतो आणि दुरुस्त होऊ शकतो, हे तिथे सांगणारं कुणीतरी गावात असावं. त्यासाठी सगळ्यांनी इंजिनिअर व्हायची गरज नाही. यंत्र माणसाने बांधलंय एवढं ठाऊक असलं तरी माणूस प्रश्न विचारू लागतो.

आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून धावणारा लेसर, आणि दूर अंतराळातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरींचा माग. अमेरिकेतल्या लायगोमध्ये ती यंत्रणा क्षणाक्षणाला सांभाळणारे संगणक लिनक्सवर चालतात. तिथे तुम्हाला नोकऱ्या लागतील असं आश्वासन मी देत नाही. पण ही विद्या लांबची नाही, एवढं लक्षात असू द्या.

शेवटचं

गेल्या ईदच्या सुटीत मी आणि भाऊ तीन दिवस डायऱ्या घेऊन बसलो. जुन्या गिऱ्हाइकांना, अब्बांच्या जोडीच्या मिस्त्रींना विचारून खुणांचा अर्थ लावला. नवी वही केली. तिच्या पहिल्या पानावर फक्त खुणा आणि त्यांचे अर्थ आहेत. काही पानांचा उलगडा झालाच नाही; तिथे 'माहीत नाही, मोटार उघडून मोजा' असं स्पष्ट लिहिलं. मग दुकानात नव्याने शिकायला आलेल्या पोराला एक पान दिलं आणि सांगितलं, कुणाला काही न विचारता वाइंडिंग कर. दोन ठिकाणी तो अडला. तो अडला म्हणून त्या दोन ओळी आम्ही पुन्हा लिहिल्या.

माझ्या भाषणाचीही तीच परीक्षा आहे. जाताना दाराशी एक चिठ्ठी मिळेल. त्यावर बिल्डरूट उतरवून लहान प्रणाली बांधायच्या सहा पायऱ्या मराठीत लिहिल्या आहेत. ज्याच्या घरी लॅपटॉप असेल त्याने आज रात्री करून बघावं. नसेल त्याने दुकानात यावं, माझा लॅपटॉप परवापर्यंत तिथेच आहे. जिथे अडाल त्या पायरीपुढे फुली मारा आणि चिठ्ठी भावाकडे द्या. मला फुल्या हव्या आहेत. त्या बघून मी पायऱ्या पुन्हा लिहीन आणि मगच पुण्याला जाईन.